सात पाण्यांच्या खुणा

३ मार्च

ताई,

अनेक आशीर्वाद. निरोपाच्या दिवशी तू म्हणाली होतीस, "मामा, आता तुम्ही नोकरीत नाही, आता तरी मला अगं-तुगं करा." म्हणून करतो आहे. हात जरा अडखळतो. बत्तीस वर्षं त्या इमारतीत काचसामान धुतलं आणि कालपरवा आलेल्या पोरांनासुद्धा अहो-जाहो केलं. सवय एकदम कशी जाईल.

मुलाकडे येऊन दोन महिने झाले. दुसऱ्या मजल्यावरची लहान खोली दिली आहे. तिथे इस्त्रीचं टेबल आणि मी असे दोघे राहतो. खाली टायरचं दुकान आहे, दिवसभर हवा भरल्याचा आवाज. मुलाने फोन घेऊन दिला, पण उजवा कान गेलेला आणि डाव्याला लावला की पहिलं वाक्य कळेपर्यंत माणूस तिसऱ्यावर असतो. पत्र बरं. पुन्हा वाचता येतं.

तू डॉक्टर होणार असं सूनबाईला सांगितलं. ती म्हणाली, "मग माझा गुडघा बघतील का?" मी म्हटलं, "अगं, त्या पेशींच्या डॉक्टर." म्हणाली, "का, गुडघ्यात पेशी नसतात?" सातवीपर्यंत शिकलेला माणूस मी. तेव्हा ही डॉक्टरकी मिळायला काय काय करावं लागतं आणि तुझं त्यातलं किती राहिलं, ते एकदा नीट लिही. म्हणजे मला काळजी कशाची करायची ते कळेल. नाहीतर मी सगळ्याचीच करतो.

इथल्या टपालपेटीचं तोंड गंजलंय. मागचं पत्र टाकलं तेव्हा आत पडल्याचा आवाज आला नाही. हे मिळालं की लगेच कळव.

तुझा
मामा

*

१४ मार्च

प्रिय मामा,

तुमचं पत्र मिळालं. मागचंही मिळालं होतं, उत्तराचा आळस माझा. गुडघ्यात पेशी असतात, वहिनींचं बरोबर आहे. पण मी कुणाच्या गुडघ्याला हात लावला तर पोलीस येतील.

आता तुमची यादी. पहिली दोन वर्षं सहा विषय शिकायचे आणि त्यांच्या परीक्षा. मग पात्रता परीक्षा: चार प्राध्यापक एका खोलीत बसतात आणि तुम्हाला काय काय येत नाही ते तुमच्याच तोंडून काढून घेतात. मी बाहेर आले तेव्हा तुम्ही मला तुमच्या स्टुलावर बसवून पाणी दिलं होतं. पुढे दर वर्षी समितीसमोर उभं राहून वर्षभराचं काम सांगायचं. नवीन मुलांना दोन सत्रं शिकवायचं. स्वतःच्या शोधावर निदान एक लेख छापून यायला हवा. तो गेल्या वर्षी आला, आणि तुम्ही त्याची प्रत साबणाच्या पिंपावरच्या भिंतीला चिकटवलीत. हे सगळं झालं.

राहिला प्रबंध. तो बाहेरचे दोन परीक्षक वाचतात, मग सगळ्यांसमोर तोंडी परीक्षा. प्रबंधाच्या दुसऱ्या पानावर एक प्रतिज्ञापत्र असतं: हे काम माझं आहे आणि माझ्या माहितीप्रमाणे यात खोटं काही नाही. खाली सही. सगळ्यांत सोपी अट ती, मिनिटभराचं काम.

मुदत ३१ ऑगस्ट. तोवर प्रबंध दिला नाही तर नोंदणी रद्द होते आणि सहा वर्षं गेली. पण काळजी नको. समितीने फक्त एक सांगितलंय, मुख्य प्रयोग पहिल्यापासून पुन्हा एकदा करून दाखवा. तोच, चौदा नंबरच्या औषधाचा. पेशी बाटलीच्या तळाला चिकटून असतात, औषध दिलं की सहा तासांत तळ सोडून निघतात. तुम्ही सूक्ष्मदर्शकातून पाहून म्हणाला होतात, "बाजार उठल्यासारखं दिसतंय." शेजारच्या टेबलावरच्या दाढीवाल्याला हे कधी जमलं नाही. सर म्हणतात त्याचा हात जड आहे, माझ्या हाताला यश आहे.

एक काम आहे. या वेळी समितीला बारीकसारीक सगळं लेखी हवंय, बाटल्या कशा धुतल्या तेसुद्धा. तुमच्या भिंतीवरचा कागद भिजून फाटला. तुम्ही कशा धुवायचात ते सविस्तर लिहून पाठवा. ते तसंच प्रबंधात घालते, आणि आभाराच्या पानावर तुम्हाला.

तुमची
हिरवी पट्टी

ता. क. पाकिटाला मुद्दाम माझ्या क्रेटवरचीच हिरवी पट्टी लावली आहे. तुम्ही लांबूनच ओळखाल.

*

२२ मार्च

ताई,

पट्टी ओळखली. पोस्टमनच्या हातातच ओळखली.

धुण्याची पद्धत लिहून घे. बाटल्या रात्रभर साबणाच्या पाण्यात. सकाळी ब्रश, आतून आणि गळ्याशी. मग सात पाण्यांतून काढायच्या, चार नळाच्या आणि तीन डिस्टिलच्या. प्रत्येक पाण्यात बाटली पूर्ण भरायची, हलवायची, पूर्ण ओतायची. नुसती बुडवून काढली तर ते पाणी धरायचं नाही. मग उलट्या ठेवून भट्टीत वाळवायच्या. साबण डोळ्यांना दिसत नाही, पेशींना कळतो, असं मला शिकवणारे जुने मिस्त्री म्हणायचे.

हे असंच होतं आणि असंच चालत आलं. यात कधी बदल झाला नाही. रजिस्टर बघ हवं तर. रोजच्या पानावर प्रत्येक क्रेटपुढे सात चौकोन आहेत आणि सातही चौकोनांत माझी खूण आहे. सगळ्यांच्या क्रेटपुढे. तुझ्याही.

आभाराच्या पानावर मला घालू नकोस. तिथे मोठी माणसं असतात. मी काय, बाटल्या धुतल्या. खरंच घालू नकोस.

इकडे उन्हाळा वाढलाय. सूनबाईचा गुडघा तसाच.

मामा

*

२ मे

प्रिय मामा,

उत्तराला उशीर झाला. प्रयोग बिघडतोय.

तीनदा केला. तेच औषध, त्याच पेशी, तेच मोजमाप. पेशी हलत नाहीत. सहा तास, बारा तास, पूर्ण दिवस. तळाला चिकटून बसल्या आहेत, जशा काही मी त्यांना औषध नाही, पाणीच पाजलंय. पहिल्यांदा वाटलं औषध जुनं झालं, म्हणून नवीन मागवलं. तेच. इनक्युबेटर तपासून घेतला. तेच.

मग लक्षात आलं की या वर्षात एकच गोष्ट बदलली आहे. तुम्ही गेलात. तुमच्या जागी एक मावशी आल्या आहेत. कामसू वाटतात, पण काचसामान कधी धुतलेलं नाही. तुमचा कागद दिलाय, पण कोण जाणे कशा धुतात. माझा संशय पक्का आहे की बाटल्यांत काहीतरी राहतं आणि त्याने पेशी बिघडतात. मी सरांकडे लेखी तक्रार दिली. मावशींची सहा महिन्यांची चाचणी ३० जूनला संपते. सर म्हणाले, तक्रार असेल तर कायम करणार नाहीत. मला वाईट वाटलं, पण माझे सहा वर्षांचे शेवटचे चार महिने आहेत.

तुमच्यासारखं कुणी धुवत नाही, मामा. तुम्ही होता तोवर मला कळलंच नाही की निम्मं यश तुमच्या हातचं होतं.

हिरवी पट्टी

*

९ मे

ताई,

तुझं पत्र वाचल्यापासून जेवण गोड लागत नाही.

मावशींची तक्रार मागे घे. नवीन माणूस आहे, कुणाचं घर चालत असेल त्यावर, आपण घाई करू नये. पाण्याचा दोष असू शकतो. उन्हाळ्यात नळाचं पाणी बदलतं. औषधाच्या नव्या बाटलीवरची तारीख पाहिलीस का? पेशी म्हाताऱ्या झाल्या असतील. त्या म्हाताऱ्या होतात असं तूच सांगितलं होतंस. असं काहीही असू शकतं. सगळ्याचं खापर धुण्यावर कशाला.

पण तरीही एक विचारतो. मावशी किती पाण्यांतून काढतात? सहज विचारतो.

मी इथे बरा आहे. रिकामे हात बरे नाहीत म्हणून घरातली भांडी मी धुतो. परवा सकाळचे चहाचे कप धुवत होतो. सूनबाई मागे येऊन उभी होती, मला ऐकू आलं नाही. म्हणाली, "बाबा, सात वेळा विसळलात तो कप. कप धुताय की पाप धुताय?" मुलगा हसला, नातू हसला, मीही हसलो. मग खोलीत येऊन बसलो.

उत्तर लवकर दे.

मामा

*

२० मे

मामा,

तुम्ही विचारलंत म्हणून मी स्टूल घेऊन सकाळभर मावशींच्या खोलीत बसले. मोजलं. सात. प्रत्येक बाटली सात पाण्यांतून, भरून, हलवून, ओतून. तुम्ही लिहिलेला कागद मी त्यांना दिला होता, तो त्यांनी मेणकापडात घालून नळावर टांगलाय आणि वाचल्यासारखा एकेक पाणी काढतात. हात कोपरापर्यंत लाल. मला म्हणाल्या, "ताई, माझी तक्रार केलीत असं ऐकलं. कुठं चुकतं ते एकदा दाखवा, मी सुधारीन." मला काही दाखवता आलं नाही.

म्हणजे दोष त्यांचा नाही. मग माझा.

दाढीवाला आता उघड बोलतो. जेवणाच्या टेबलावर म्हणाला, "काही प्रयोग फक्त लेख छापून येईपर्यंतच चालतात." सगळे ताटात बघत राहिले. सरांनी दार लावून विचारलं, "खरं सांग, आधीची मोजणी तूच केली होतीस ना? नीट केली होतीस ना?" मी हो म्हटलं. पण मामा, आता मलाच खात्री नाही. माणसाला हवं ते दिसतं म्हणतात. तीन वर्षं मला हवं म्हणून पेशी हलताना दिसल्या का? तुम्हीही पाहिल्या होत्या, पण तुम्ही माझ्यावरच्या मायेने पाहिल्या असतील.

ते मिनिटभराचं प्रतिज्ञापत्र टेबलावर पडलंय. त्यावर सही करता येत नाही. सर म्हणाले, नोंदणी रद्द होण्यापेक्षा स्वतःहून सोडलेलं बरं, कागदोपत्री चांगलं दिसतं. महिनाअखेर अर्ज देणार आहे. आता काही दिवस पत्र लिहिणार नाही. रागावू नका.

*

२४ मे

ताई,

अर्ज देऊ नकोस. हे पत्र पूर्ण वाचेपर्यंत तरी देऊ नकोस.

हे मी चौथ्यांदा लिहितो आहे. आधीची तीन फाडली. त्यांत मी कारणं आधी लिहिली होती आणि गोष्ट शेवटी. आता गोष्ट आधी लिहितो. तुझ्या बाटल्या मी सात पाण्यांतून काढत नव्हतो. तीन पाण्यांतून काढत होतो. दोन नळाच्या, एक डिस्टिलचं. फक्त तुझ्या. बाकी सगळ्यांच्या सात.

तुझ्या डोळ्यांनी तुला फसवलेलं नाही. माझ्याही नाही. पेशी हलत होत्या. आता हलत नाहीत, कारण मावशी बाटल्या नीट धुतात. बाटलीत साबण राहायचा, त्याचंच हे काहीतरी आहे. कसं ते मला कळत नाही, तुला कळेल. पण बदल कुठला झाला ते मला ठाऊक आहे, आणि तू पहिल्यांदा विचारलंस तेव्हाही ठाऊक होतं.

आता कारण. ते सांगितल्याने काही हलकं होणार नाही. तीन वर्षांपूर्वी डिस्टिलच्या यंत्राची कॉइल जळाली. नवी बसवली ती कमी ताकदीची, एक कॅन भरायला चार तास. सगळ्यांना बाटल्या सकाळी हव्या. तुझ्या रोज चाळीस लागायच्या, सगळ्यांत जास्त, आणि तू कधी भांडली नाहीस. दाढीवाला दारात येऊन टेबल वाजवायचा. तू रिकामा क्रेट घेऊन उभी राहायचीस. नवी कॉइल बसवली त्याच दिवशी विचारलंस, "मामा, संपल्या का?" मी म्हटलं, दुपारी मिळतील. तू बरं म्हणालीस. मग मी ट्रॉली घेऊन बाहेर आलो तर तू जिन्याखाली कोटाच्या बाहीने डोळे पुसत होतीस. त्या दिवशी पेशींना खाणं मिळालं नसतं तर तुझे दोन आठवडे जाणार होते.

मी परत गेलो, तुझा क्रेट तीन पाण्यांत उरकला आणि दहाच्या आत तुझ्या टेबलावर ठेवला. तू म्हणालीस, "मामा, तुम्ही देव आहात." दुसऱ्या दिवशी कसंही करून पुन्हा दहाच्या आत द्यावंसं वाटलं. काही बिघडलंही नाही. मग तेच अंगवळणी पडलं. दुसऱ्यांना ताटकळत ठेवून त्यांच्या बाटल्या सात पाण्यांतून काढायचो आणि तुला लवकर मिळाव्यात म्हणून तुझ्या तीन. मला वाटायचं, मी तुझ्यावर माया करतो. दुसऱ्यांचं काम मी चोख केलं आणि जिच्यावर जीव होता तिचंच नासवलं. हा उलटा न्याय मला तेव्हा दिसला नाही.

रजिस्टरच्या खुणा मी सकाळी चहाबरोबरच करून टाकायचो. अख्ख्या दिवसाच्या, सगळ्या क्रेटच्या, सात-सात.

दाढीवाल्याला तुझा प्रयोग जमेना आणि सर म्हणाले त्याचा हात जड, तेव्हा माझ्या मनात पाल चुकचुकली होती. त्याच्या क्रेटवर निळी पट्टी, निळ्याला सात पाणी. मी ते मनातून काढून टाकलं. मग तुझा लेख आला. मी तो साबणाच्या पिंपावर लावला आणि रोज साबण काढताना त्याच्याकडे बघत होतो. मार्चमध्ये तू पद्धत विचारलीस. तेव्हा एका ओळीत सांगता आलं असतं. तू हा प्रयोग सुरूच केला नसतास, तक्रार झाली नसती, मावशींचे हात लाल झाले नसते. मी सात लिहिलं. भीती नोकरीची नव्हती, ती संपलीच आहे. तू मला मामा म्हणायचं सोडशील ही भीती होती.

सरांना दाखव हे. सगळ्यांना दाखव.

मामा

*

१९ जून

ताई,

२४ मेला एक पत्र टाकलं होतं. पोचलं का? टपालपेटीबद्दल मी लिहिलंच होतं. पोस्टात जाऊन विचारलं. तिथला माणूस म्हणाला, "आजोबा, साधं पत्र आहे, त्याचा माग कसा काढणार? महत्त्वाचं होतं तर नोंदणी करायची."

पोचलं असेल आणि उत्तर द्यायचं नसेल तर देऊ नकोस. नुसतं रिकामं पाकीट पाठव, म्हणजे पोचलं एवढं कळेल. पोचलं नसेल तर मी पुन्हा लिहीन. सगळं जसंच्या तसं पाठ आहे. मावशींची तारीख ३० आहे, तिच्या आत काहीतरी व्हायला हवं. तू अर्ज दिलास का?

मामा

*

३ जुलै

नमस्कार.

पत्र २९ मेला मिळालं. अर्ज दिला नाही. उत्तर दिलं नाही कारण आधी तपासायचं होतं. तुम्ही सांगितलं म्हणून खरं मानायचं, हे आता शक्य नव्हतं.

चाळीस बाटल्या घेतल्या. वीस सात पाण्यांतून, वीस तीन पाण्यांतून. धुतल्या मावशींनी, आणि कुठली कशी धुतली ते त्यांनी कागदावर लिहून स्वतःजवळ ठेवलं. मला फक्त आकडे टाकून दिल्या, म्हणजे मला हवं ते मला दिसू नये. मी मोजलं, सर शेजारी बसून पुन्हा मोजत होते. मग मावशींनी कागद उघडून वाचला. तीन पाण्यांच्या वीसही बाटल्यांत पेशींनी तळ सोडला होता. सातच्या एकाही नाही. हे तीनदा केलं.

नुसत्या साबणाने काही होत नाही, तेवढा तो नसतोच. नुसत्या औषधानेही होत नाही. साबणाचा अंश पेशीचं आवरण विरळ करतो आणि मग औषध आत शिरतं. माझा लेख सांगतो की चौदा नंबर पेशींना तळ सोडायला लावतं. खरं हे आहे की ते आपणहून आत जाऊच शकत नाही.

मावशी सगळं ऐकून म्हणाल्या, "म्हणजे मी चांगलं धुते म्हणून माझी तक्रार झाली होय." मी त्यांची माफी मागितली. तक्रार मागे घेतली, त्या कायम झाल्या. कागद वाचून दाखवताना त्या प्रत्येक आकड्यावर बोट ठेवत होत्या, ते मी विसरणार नाही.

सरांनी सगळे आकडे पुन्हा एकदा वरपासून खाली वाचले. मग म्हणाले, "छापलेलं परत घ्यावं लागेल." लेख परत घेतला. म्हणजे ती अट आता पुन्हा बाकी आहे. प्रबंधाचं तिसरं आणि चौथं प्रकरण गेलं. सप्टेंबरपासून एका संस्थेत मला नोकरी मिळणार होती, ती त्यांनी दुसऱ्या कुणाला दिली. दाढीवाल्याने येऊन हात पुढे केला. मी मिळवला, पण त्याच्याकडे बघितलं नाही.

समिती एक वर्ष वाढवून द्यायला तयार आहे. अट आहे. रजिस्टरमध्ये तीन वर्षं सातच्याच खुणा आहेत. त्यामुळे समितीच्या लेखी मी माझं अपयश एका निवृत्त माणसावर ढकलते आहे असंही होऊ शकतं. म्हणून बाटल्या धुणाऱ्याचं लेखी निवेदन हवं: कधीपासून, कधीपर्यंत, कुठल्या बाटल्या, किती पाणी, खुणा कशा झाल्या. ते प्रबंधाला जोडलं जाईल, बांधलं जाईल आणि ग्रंथालयात राहील. कुणीही काढून वाचू शकेल. आठवून लिहा. अंदाजे नको.

तुमचं २४ मेचं पत्र मी कुणाला दाखवलं नाही. ते मला लिहिलेलं होतं. सर म्हणत होते की निवेदनासाठी कार्यालयातून पत्र जाईल. मी म्हटलं मी लिहीन.

राग गेलेला नाही. जाईल की नाही माहीत नाही.

*

११ जुलै

निवेदन

मी या संस्थेच्या काचसामान विभागात बत्तीस वर्षं काम केलं. नाव खाली सहीत आहे.

तीन वर्षांपूर्वीच्या १२ सप्टेंबरपासून गेल्या वर्षीच्या ३० डिसेंबरपर्यंत, हिरव्या पट्टीच्या क्रेटमधल्या सर्व बाटल्या मी साबणानंतर तीन पाण्यांतून काढल्या. दोन नळाच्या, एक डिस्टिलचं. दुसऱ्या कुठल्याही पट्टीच्या बाटल्या तीन पाण्यांत काढल्या नाहीत. १२ सप्टेंबर ही तारीख अंदाजे नाही. त्या दिवशी डिस्टिल यंत्राची कॉइल बदलली, मेकॅनिकच्या सहीचा कागद यंत्राच्या मागे चिकटवलेला आहे, तो बघावा.

रजिस्टरमध्ये त्या काळात हिरव्या पट्टीपुढे केलेल्या सातही खुणा खोट्या आहेत. त्या मी सकाळी, धुण्याच्या आधी करत असे.

हे मला कुणी सांगितलं नव्हतं. विद्यार्थिनीला हे माहीत नव्हतं. तिने बाटल्यांसाठी घाई केली नव्हती. यंदा मार्चमध्ये तिने मला पद्धत लेखी विचारली तेव्हा मी सात पाणी असं खोटं लिहून दिलं. प्रबंधात तसं छापलं गेलं असतं तर तो दोष माझा होता.

वरील मजकूर माझा आहे आणि माझ्या माहितीप्रमाणे यात खोटं काही नाही.

(सही)

*

ताई,

वरचं पान समितीला दे. हे पान तुझं.

निवेदनात मी आधी लिहिलं होतं, "डिस्टिल पाण्याच्या कमतरतेमुळे". ते वाक्य काढलं आणि सगळं पुन्हा लिहिलं. पाणी कमी होतं हे खरं आहे, पण दुसऱ्यांच्या बाटल्यांना ते पुरत होतं. जिन्याखालचं मी निवेदनात लिहिलेलं नाही. ग्रंथालयात कुणी वाचेल म्हणून नाही, तर ते वाचून कुणाला वाटेल की तू रडलीस म्हणून हे झालं. तू रडली नसतीस तरी मी कधीतरी काहीतरी केलंच असतं. खुणा मी आधीपासूनच सकाळी करत होतो.

तुझी जुनी वही उघडून बघ. बाजार पहिल्यांदा उठला तो दिवस १२ सप्टेंबरनंतरचाच निघेल. मला ते माहीत नाही, पण निघेल.

मुलाला सांगितलं सगळं. तो म्हणाला, "बाबा, कशाला लिहून देताय, बत्तीस वर्षांचं नाव आहे." सूनबाई भाजी चिरत होती. ती म्हणाली, "नाव आहे म्हणूनच देतायत." मग मला म्हणाली, "पण कप आता दोन पाण्यांतच काढा." तिचा गुडघा सुजलाय, नळाशी उभं राहवत नाही, म्हणून भांडी आता माझ्याकडेच आहेत.

पत्र नोंदणी करून पाठवतो आहे. या वेळी पेटीत टाकलं नाही.

तुझं पाकीट आलं तेव्हा पोस्टमनच्या हातात ते मी ओळखलं नाही. नुसत्या डिंकाने चिकटवलेलं होतं. आत पत्रात वर मामा लिहिलेलं नव्हतं, शेवटी नाव नव्हतं. चुकून राहिलं असेल असं वाटून मी पत्र उलटून पाहिलं, पाकिटात बोट घालून पाहिलं. चुकून नव्हतं. ते बरोबर आहे.

तुझं पत्र मी सात वेळा वाचलं. या वेळी खरंच सात. तसं मोजायला शेजारी कुणी नव्हतं.